शांततेचं कोटेशन

एखाद्या उद्योजकाला शांतीची गरज आहे हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही, व्हाउचरवरून कळतं. चेहरा सगळ्यांचा सारखाच असतो, पेमेंट अडकलेला. मी चिंचवडला सीए म्हणून प्रॅक्टिस करते आणि भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यातले छोटे-मध्यम कारखानदार हे माझं गिऱ्हाईक. कुणी फोर्जिंगवाले, कुणी कंप्रेसरवाले, कुणी खोकी बनवणारे. पूर्वी त्यांच्या फायलींत चैनीचा पुरावा म्हणून दिवाळीच्या मिठाईची बिलं आणि फार तर एखादी गोव्यातली डीलर मीट सापडायची. आता 'फाउंडर्स डिटॉक्स', 'लीडरशिप रिट्रीट', 'सायलेंट वीकेंड' अशी बिलं येतात आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ''मॅडम, हे कशात टाकायचं?''

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. खर्च धंद्यासाठी आणि केवळ धंद्यासाठी झालेला असला पाहिजे, असं आयकराचं म्हणणं. आता मालकानं पहाटे डोळे मिटून श्वास मोजला, तो धंद्यासाठी मोजला की स्वतःसाठी? श्वास मालकाचा, पण तो लागला कंपनीच्या टार्गेटमुळे! रिसॉर्टवाले या बाबतीत फार समजूतदार असतात. ''सर, बिल योगाचं करू की कॉन्फरन्सचं?'' असं स्वतःहून विचारतात. मी जे घडलं तेच बिलावर हवं म्हणून अडून बसते, त्यामुळे माझ्याकडे दोन-चार सूर्यनमस्कार तरी नोंदले जातात. बाकी पिंपरी-चिंचवडच्या वह्या पाहिल्या तर इथला कारखानदार जन्मात कधी पाठीवर आडवा झालेला नाही. सदैव प्रोजेक्टरसमोर बसलेला आहे.

त्यातून जीएसटी. रिट्रीट निवडताना लोक डोंगर बघतात, समुद्र बघतात, गुरूची दाढी बघतात. मी राज्याची हद्द बघते. हॉटेलातल्या मुक्कामाचा कर हॉटेल ज्या राज्यात असेल तिथला लागतो. गोव्यातल्या रिसॉर्टनं गोव्याचा एसजीएसटी लावला की महाराष्ट्रात नोंदलेल्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही, बरोबरच्या सीजीएसटीचंही नाही. म्हणजे ऋषिकेशला जाऊन आत्मा सापडला तरी इनपुट क्रेडिट गेलंच. लोणावळ्याला आत्मा सापडेल याची खात्री नाही, पण क्रेडिटची आशा आहे. तेही सगळ्याचं नाही. खाण्यापिण्यावर आणि आरोग्यसेवेवर सहसा मिळत नाही. पंचकर्माचं तेल बुडीत, हॉलचं भाडं वसूल. एवढं ऐकवलं की फोर्जिंगवाले काका म्हणतात, ''म्हणजे हॉलमध्येच झोपायचं म्हणा की!''

हे काका तसे जुन्या वळणाचे. त्यांच्या पिढीत माणूस थकला की ब्लडप्रेशरची गोळी सुरू व्हायची आणि आषाढात चार पावलं वारीबरोबर चालून यायचा. त्याला रिट्रीट म्हणत नसत आणि त्याचं बिलही येत नसे. मुलगा अमेरिकेत शिकून कारखान्यात आला आणि त्यानं पहिल्या सहा महिन्यांत दोन गोष्टी आणल्या, एक ईआरपी आणि एक 'ऑफसाइट'. ऑफसाइट लोणावळ्याला झाली. सकाळी 'व्हिजन', दुपारी रस्सीखेच, रात्री डीजे. मधे एक खेळ होता : डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. काकांनी अट घातली, 'स्टोअरकीपर झेलणाऱ्यांत नको.' ज्याच्या स्टॉकमध्ये दरसाल फरक निघतो त्याच्या हातात पाठ द्यायला ते तयार नव्हते. ऑडिटर म्हणून मला त्यांचं म्हणणं पटलं. येताना एक्स्प्रेस वेच्या घाटात सगळी गाडी अडकली आणि मिळालेली शांतता तिथंच सांडून परत आली. सामानात फक्त चिक्की राहिली.

निवडीची खरी शास्त्रशुद्ध पद्धत बघायची तर आमच्या खोकीवाल्या साहेबांची. या माणसानं आयुष्यात तीन कोटेशनं घेतल्याशिवाय वॉशरसुद्धा विकत घेतलेला नाही. बायपास होता होता वाचल्यावर डॉक्टरांनी त्यांना 'जरा कुठं तरी शांत जागी जाऊन या' असं सांगितलं. साहेबांनी पर्चेसच्या मुलाला बोलावलं आणि शांत जागेसाठी इन्क्वायरी काढायला लावली. कर्जत, मुळशी आणि पाचगणी अशी तीन कोटेशनं आली. मग एक्सेलमध्ये तुलनात्मक तक्ता झाला. ती शीट मी पाहिली आहे, कारण 'खर्चाच्या दृष्टीनं बघा' म्हणून मलाही मेल आली होती. रकाने असे होते : अंतर. एसी. जैन जेवण. वायफाय. मौन (होय/नाही). ड्रायव्हरची सोय. कॅन्सलेशन. ध्यान – रोज किती मिनिटं. शेवटच्या रकान्यात साहेबांनी ध्यानाच्या मिनिटांनी रकमेला भागून प्रतिमिनिट दर काढला होता. कर्जतवाला एल-वन, म्हणजे सगळ्यांत स्वस्त, निघाला.

पण एल-वन निघाला म्हणजे ऑर्डर निघाली असं नाही, त्यानंतर निगोसिएशन. साहेबांचा मुद्दा बिनतोड होता. ''तुमच्या प्रोग्रॅममध्ये रोज तीन तास मौन आहे. त्या तीन तासांत तुमचा माणूस काहीच बोलत नाही. मग त्या तासांचे पैसे कसले?'' रिसॉर्टवाला मुरलेला होता. म्हणाला, ''सर, बोलणं सोपं असतं, मौनाचीच मेहनत जास्त.'' तासभर घासाघीस झाली. शेवटी मौनाचा दर कायम राहिला आणि ड्रायव्हरचा नाष्टा फुकट ठरला.

दुसरा वाद वायफायच्या रकान्यावरून. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर मोठ्या अभिमानानं लिहिलेलं, 'नो नेटवर्क झोन.' साहेबांना ती कल्पना अतिशय आवडली होती, म्हणूनच त्यांनी फोन करून विचारलं, ''रेंज येते ना पण?'' फोनवरची मुलगी आधी पाठ केलेलं बोलली, जगापासून दूर, स्वतःच्या जवळ वगैरे. मग आवाज खाली आणून म्हणाली, ''सर, स्विमिंग पूलच्या मागं आंबा आहे. त्याच्या खाली फुल्ल रेंज येते.''

हे गुपित तिनं सगळ्यांनाच सांगितलेलं असावं. कारण पहिल्या दिवशी सकाळचं सत्र सुटलं तसे पंधरा-वीस उद्योजक रमतगमत, झाडंझुडपं बघत, एकमेकांना न दिसल्यासारखं करत पूलच्या मागं पोचले. आंब्याचा विस्तार बेताचा. दक्षिणेकडच्या फांदीखाली दोन काड्या, बुंध्याजवळ पूर्ण चार. मग आपोआप शिस्त लागली. बुंध्याशी ज्याचा बँकेतला लिमिट रिन्यूअलचा फोन तो, त्याच्या बाहेर डिस्पॅचवाले, सगळ्यांत कडेला घरच्यांचे फोन. 'गाडी भरली का? ताडपत्री टाकली का?' अशी मंत्रावळी तिथं सकाळ-संध्याकाळ चालायची. हॉलमध्ये ज्यांनी एकमेकांना नाव विचारलं नव्हतं, त्यांची ओळख आंब्याखाली झाली. आमच्या साहेबांना तिथंच एक नाशिकचा लोणचेवाला भेटला आणि पाच प्लायच्या खोक्यांची ट्रायल ऑर्डर मिळाली. आल्यावर मला म्हणाले, ''मॅडम, रिट्रीट वसूल!'' आता खर्च धंद्यासाठी आणि केवळ धंद्यासाठी झाला हे मी कुठल्याही अधिकाऱ्यापुढे छातीठोक सांगू शकते. ड्रायव्हर मात्र तिथं तिन्ही दिवस दुपारी ताणून झोपला आणि संध्याकाळी पत्ते खेळला. रिट्रीटच्या पत्रकात ज्या ज्या फायद्यांचं वर्णन होतं ते सगळे त्याला झाले, आणि त्याचा नाष्टा फुकट होता.

या शिबिरांत शिकवतं कोण, हाही एक बघण्यासारखा भाग. बहुतेक जण आधी कुठल्या तरी मोठ्या कंपनीत बड्या हुद्द्यावर होते, मग 'बर्नआउट' झाले, मग हिमालयात गेले, मग कर्जतला आले. आमच्या धंद्यात ज्याचं दिवाळं निघालं त्याला कुणी वित्त सल्लागार नेमत नाही. इथं थकून पडणं हीच पदवी. नोंदणीच्या वेळी हे लोक एक प्रश्नावली भरून घेतात. 'तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?' या प्रश्नाला त्यांना मृत्यू, एकटेपणा, अपयश अशी उत्तरं अपेक्षित असतात. आमच्या एका गिऱ्हाइकानं प्रामाणिकपणे लिहिलं : 'बँकेचं स्टॉक ऑडिट.'

नव्या स्टार्टअपवाल्या पोरांचा दंडक वेगळा. ती कोटेशन मागत नाहीत, कोण कुठं गेलं होतं ते बघतात. स्टीव्ह जॉब्ज नैनितालजवळच्या कैंची धामला गेला होता, त्याच्या सांगण्यावरून पुढं मार्क झुकरबर्ग गेला, म्हणून आपण जायचं. जॉब्ज 1974 साली तिथं पोचला तेव्हा नीम करोली बाबा आधीच्याच वर्षी गेले होते. म्हणजे ज्यांना भेटायला गेला ते भेटलेच नाहीत, तरी पुढं ॲपल झालं. माझ्याकडचा एक ॲपवाला मुलगा यावरून असा निष्कर्ष काढून बसलाय की गुरू नसतानाच जास्त परतावा मिळतो. तो दोनदा जाऊन आलाय. त्याचं ॲप अजून तोट्यात आहे, पण तोटा पुढं ओढता येतो हे मी त्याला सांगितल्यापासून तो बराच शांत झालाय.

दुसरा एक जण बिल गेट्सच्या मार्गानं गेला. गेट्स वर्षातून दोनदा आठवडाभर एका लाकडी कुटीत एकटा जाऊन बसायचा आणि कंपनीतल्या लोकांनी लिहिलेले कागद वाचायचा, त्याला 'थिंक वीक' म्हणत. आमच्या माणसाचं मुळशीला फार्महाउस होतंच. कागद म्हणून त्यानं थकबाकीदारांची यादी नेली. पहिल्या रात्री शेजारच्या बंगल्यात कुणाच्या तरी पन्नाशीचा ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या दिवशी बोअरची मोटर जळाली, तिसऱ्या दिवशी 'भाऊ एकटेच आहेत' कळल्यावर साडूचं अख्खं कुटुंब मटण घेऊन आलं. विचार करायला तो चौथ्या दिवशी कारखान्यात परतला.

आमच्याकडे खरं तर जुनी, नावाजलेली ठिकाणं हाताच्या अंतरावर आहेत. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढलं, योगाची प्रयोगशाळेत तपासणी करायची म्हणून. पाचगणीला एशिया प्लॅटो आहे. तिथं कारखान्यांतले अधिकारी आणि कामगार एकत्र शिबिराला जात आलेत, आणि पंगतीनंतरची भांडी घासण्यात शिबिरार्थींचा हात असतो. उरुळी कांचनला तर 1946 साली खुद्द गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, आणि तो खेड्यातल्या गरिबांसाठी. माती, पाणी, ऊन आणि साधा आहार, या चार गोष्टींवर सगळा कारभार. आमचे लोक तिथं जायला मात्र बिचकतात. कारण विचाराल तर 'फारच जवळ आहे' म्हणतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाता-येता ज्याच्या पाटीकडे तीस वर्षं बघितलं, त्या ठिकाणी आयुष्य बदलेल यावर माणसाचा विश्वास बसत नाही. शिवाय सोलापूरच्या पार्टीकडे जाताना कुणी गाडी ओळखली आणि विचारलं, तर पोटावर मातीची पट्टी ठेवून पडलो होतो असं सांगायचं कसं? तीच पट्टी परराज्यात 'मड रॅप' नावानं बारापट दरात घेतली की इन्स्टाग्रामवर टाकता येते.

या सगळ्यांत कारखानदाराची खरी दाणादाण उडवतं ते इगतपुरी. तिथल्या धम्मगिरीच्या विपश्यना शिबिराची चौकशी करायला आमचे कंप्रेसरवाले बसले होते, माझ्या समोरच, माझ्याच टेबलवर. आधी वेळापत्रक वाचलं. पहाटे चारला घंटा. साडेचारपासून ध्यान. अकराला जेवण. संध्याकाळी पाचला चहा आणि नव्यांना थोडी फळं, मग रात्रीचं जेवण नाही. साडेनऊला दिवे बंद. फोन जमा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, दहाव्या दिवसापर्यंत बोलायचं नाही, खाणाखुणासुद्धा नाहीत. हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कास्टिंगची दोन खाती सांभाळलेला माणूस, चारला उठणं त्याला काय सांगता! मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ''चार्जेस?''

''फी नाही.''

''नाही म्हणजे? राहणं, जेवण?''

''त्याचीही नाही. शिबिर पूर्ण केलं की वाटलं तर दान द्यायचं.''

''मग आधीच देऊन टाकतो ना दान. चेक आहे बरोबर.''

''आधी घेत नाहीत. पूर्ण केल्याशिवाय घेतच नाहीत.''

मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखते. नोटाबंदीत, लॉकडाउनमध्ये, एकदा तर छापा पडला तेव्हाही पाहिलंय. इतके गांगरलेले कधी पाहिले नव्हते. ॲडव्हान्स नाकारणारा पुरवठादार त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. जिथं दर नाही तिथं घासाघीस नाही, घासाघीस नाही तिथं डिस्काउंट नाही, आणि डिस्काउंट मिळाला नाही तर आपण शहाणे ठरलो हे कळणार कसं? बराच वेळ त्यांनी पेपरवेट फिरवला. मग हळूच म्हणाले, ''तिथं ओळख आहे का कुणाची? जरा बरी खोली...''

त्यांचा धीर वाढावा म्हणून मी त्यांना या प्रकरणाचा उगम सांगितला. सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. रंगूनमध्ये मोठा पसारा आणि डोक्याला अर्धशिशी, इतकी की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. डॉक्टर शोधत परदेशं पालथी घातली, उतार नाही. शेवटी 1955 साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. त्यांनी काय करावं? 'डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका' म्हणाले. धंद्याच्या भाषेत, गिऱ्हाईक दारातून परत पाठवलं. गोयंका हेतू बदलून पुन्हा गेले, बसले, 1969 साली भारतात येऊन शिकवू लागले आणि 1976 साली इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. आणि हे ऊ बा खिन कोण होते? स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल! ही माहिती मी संधी मिळेल तिथं सांगते. आमच्या व्यवसायाबद्दल चांगलं बोलण्यासारखं फार थोडं सापडतं.

तारीख काढायची जबाबदारी ओघानंच माझ्यावर आली. आदल्या संध्याकाळचं पोचणं आणि अकराव्या दिवसाची सकाळ धरली की शिबिर बारा तारखा खातं. आता महिना बघा. सात तारखेला टीडीएस आणि पगार. अकराला जीएसटीआर-वन. पंधराला पीएफ आणि ईएसआय. वीसला थ्री-बी. सलग बारा तारखा मिळतात त्या फक्त वीसला थ्री-बी भरून त्याच संध्याकाळी पोचलं तर, आणि महिना संपायच्या आत परतायचं म्हणजे तोही महिना एकतीसचा हवा. मार्चचं नावच काढू नका. मे अखेरीला टीडीएसचं विवरणपत्र, जुलैअखेरीला तेच पुन्हा, ऑक्टोबरमध्येही तेच आणि वर दिवाळी, डिसेंबरअखेरीला जीएसटीचं वार्षिक, जानेवारीत परत टीडीएस. उरतो ऑगस्ट, तोही गणपती त्यात आले नाहीत तर. सरकारनं हे कॅलेंडर आखताना उद्योजकाला मोक्ष मिळू नये असा काही हेतू ठेवला असेल असं मी म्हणत नाही. पण फट एवढीच ठेवली आहे.

तर कंप्रेसरवाले ऑगस्टात गेले. इगतपुरीचा ऑगस्ट, म्हणजे पाऊस पडतो असं म्हणण्यात अर्थ नाही, तो तिथं राहतो. बारा दिवस त्यांच्या कारखान्याचा फोन मला येत होता. कंप्रेसर एकही बंद पडला नाही, एकही कामगार भांडला नाही, आणि व्यवस्थापक मला रोज घाबरून सांगत होता, ''मॅडम, सगळं ठीक चाललंय, काय करू?''

परत आले ते तीन किलो उतरून. आल्या आल्या ऑफिसात चहा घेत त्यांनी हकिकत सांगितली. त्यांच्या डाव्या हाताला बसणाऱ्या माणसाचा गुडघा दर दहा मिनिटांनी कट्ट करून वाजायचा. चौथ्या दिवसापर्यंत त्यांना त्या गुडघ्याचा खून करावासा वाटत होता. सहाव्या दिवशी सवय झाली. आठव्या दिवशी आवाज आला नाही तेव्हा काळजी वाटली. दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीची साधना शिकवतात, सगळ्या प्राणिमात्रांबद्दल मैत्रीभाव, आणि त्यानंतर मौन सुटतं. मौन सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्या गुडघ्याला नाव विचारलं.

''कुठं असता आपण?''

''चाकणला. पर्चेस बघतो.'' आणि त्यानं कंपनीचं नाव सांगितलं.

''मॅडम, तीच कंपनी! आपली चार बिलं ज्यांनी अडकवलीयत ती! छोट्या कारखान्यांचे पैसे चुकते करायची पंचेचाळीस दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेलीय. माझे नंबर तोंडपाठ आहेत, तारखांसकट. नऊ दिवस हा माणूस माझ्या हातभर अंतरावर बसला होता आणि मी डोळे मिटून बसलेलो!''

''मग? काढलात विषय?''

''कसा काढू? तासाभरापूर्वी त्याच्यासकट सगळ्या जगाचं भलं चिंतून आलो होतो. हसलो. तोही हसला. एका टेबलावर जेवलो.''

''आणि पेमेंट?''

''सोमवारी मेल टाकली ना. चारही बिलं जोडली, तुमचं ते पंचेचाळीस दिवसांचं कलम जोडलं, आणि खाली 'मंगल हो' लिहिलं.''

''उत्तर आलं?''

''लगेच आलं. दोनच शब्द.''

''काय?''

''मंगल हो.''